भाऊ पहाडात जातात

नागपूरच्या कुठल्याही लेआउटमध्ये जा, तिथे एक भाऊ असतातच. वय पस्तिशीचं, पोट पन्नाशीचं, आणि कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर जायलाही गाडी काढायची सवय. या भाऊंच्या लेखी डोंगर म्हणजे सेमिनरी हिल्स. फारच उंच जायचं तर रामटेकचा गड, आणि जोडून सुट्या आल्या तर सहकुटुंब चिखलदरा. त्यांचाही दोष नाही. शहरच ३१० मीटर उंचीवर सपाट पसरलेलं. चढ म्हणून लागतो तो उड्डाणपुलाचा.

अशा भाऊंना एक दिवस कुमाऊंतल्या अल्मोड्याहून लग्नपत्रिका येते. भाऊ व्हीएनआयटीचे. तिथल्या निम्म्या जागा बाहेरच्या राज्यांतल्या मुलांसाठी असतात, त्यामुळे मेसच्या वरणाला चार वर्षं एकत्र नावं ठेवता ठेवता मानेवाड्याचा गडी आणि कुमाऊंचा गडी जिवाभावाचे दोस्त होऊन बसतात. तुळशीचं लग्न आटोपलं की तिकडचेही मुहूर्त निघतात. भाऊ रजा टाकतात.

"तिकडं थंडी असन ना खूप?" वहिनी विचारतात.

"काय होते थंडीनं? आपण सत्तेचाळीस डिग्रीतले लोक आहो!"

ऊन सोसणाऱ्याला थंडी आपोआप सोसते, हे भाऊंचं तर्कशास्त्र. वर पुरावा असा की डिसेंबर २०१८ मध्ये नागपुरातच पारा ३.५ अंशांवर उतरला होता आणि त्या रात्री आपण नुसत्या बनियनवर अंगणात फिरत होतो. वहिनींच्या आठवणीत त्या रात्री भाऊ दोन रजयांखाली होते आणि तिसरी मागत होते.

तरीही स्वेटर घ्यायला दोघं तिबेटी बाजारात जातातच. हिमालयाची आतली माहिती काढावी म्हणून भाऊ दुकानातल्या बाईंना विचारतात, "उधर ठंडी कैसी रहती, दीदी?" बाई शांतपणे सांगतात, "मालूम नहीं भैया, हम तो अर्जुनी मोरगाव के हैं." गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला तिबेटी निर्वासितांची वसाहत १९७२ पासून आहे आणि तिथली मुलं भाताच्या बांध्यांमध्ये वाढली आहेत, हे भाऊंना ठाऊक नसतं. भाऊ माकडटोपी घेतात आणि घासाघीस न करता निघून येतात. नागपूरच्या इतिहासात याची नोंद व्हायला हवी.

सामानाचं काय सांगावं! चिवडा, ठेसा, सावजी मसाल्याची पुडी (तिकडे जेवण फिकं असतं असं कोणीतरी सांगितलेलं) आणि नवरदेवाकडे द्यायला संत्र्यांची पेटी. आंबिया बहाराचा ऐन हंगाम. दिल्लीहून रात्रीची रानीखेत एक्स्प्रेस पहाटे काठगोदामला सोडते आणि रेल्वे तिथेच हात टेकते. पुढे अल्मोडा सुमारे नव्वद किलोमीटर. "म्हणजे वर्ध्याच्या थोडंसं पुढं. सव्वा तास!" भाऊ घड्याळ लावतात.

भीमतालपर्यंत भाऊ बोलत असतात. भवालीला ते गप्प होतात. खैरना येईस्तोवर नवरदेवाच्या पेटीतली संत्री सोलून सोलून नाकाशी धरली गेलेली असतात. ड्रायव्हर मात्र एका हातानं स्टिअरिंग आणि दुसऱ्या हातानं गाण्यांचा आवाज सांभाळत असतो. साडेतीन तासांनी गाडी थांबते तेव्हा पेटी निम्मी आणि भाऊ त्याहून कमी उरलेले असतात.

घर कुठे आहे? "बस, थोड़ा ऊपर, दाज्यू," न्यायला आलेला पोरगा सांगतो. पहाडातलं थोडं म्हणजे किती, हे मैदानातल्या माणसाला आयुष्यात कळत नाही. पोरगा दोन बॅगा खांद्यावर टाकून शीळ घालत चढतो. भाऊ रिकाम्या हातांनी तिसऱ्या वळणावर टेकतात आणि जाहीर करतात, "इथं ऑक्सिजन कमी आहे." अल्मोडा सोळाशे मीटरच्या आसपास, विरळ हवेचा आजार साधारण अडीच हजारांच्या वर सुरू होतो. कमी जे काही होतं ते गेल्या दहा वर्षांचं चालणं होतं. वहिनी तोवर वर पोचून चहा पीत असतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी आकाश निवळतं आणि उत्तरेला त्रिशूल, नंदादेवी अशी सगळी रांग उभी राहते. नंदादेवी ७,८१६ मीटर. भाऊ दोन मिनिटं खरोखर गप्प राहतात. मग विचारतात, "तिथपर्यंत गाडी जाते का?"

वरात निघते. पुढे ढाल-तलवारी घेतलेले छोलिया नाचणारे, मागे ढोल, दमाऊ आणि मशकबीन. ही मशकबीन म्हणजे फौजेतून गावात उतरलेली बॅगपाइप. भाऊ ढोलवाल्याच्या कानात सांगतात, "संदल बजाओ ना!" नागपुरी वरातीचं ते दैवत त्या बिचाऱ्याच्या कानावर कधी पडलेलं नसतं. तो आपलंच वाजवतो, भाऊ त्यावर संदलच नाचतात, आणि तलवारवाले अदबीनं चार पावलं मागे सरतात.

नवरदेव आडनावानं पंत, आणि त्यातच भाऊंना शोध लागतो की कुमाऊंतली पंत घराणी आपला मूळ पुरुष महाराष्ट्रातून आल्याचं सांगतात. अल्मोड्याजवळच्या खूंट गावी १८८७ साली जन्मलेले गोविंद वल्लभ पंत याच घराण्यांपैकी. मग काय विचारता! "म्हणजे तुम्ही आमचेच!" असं म्हणून भाऊ थेट मामाच्या खुर्चीवर बसतात. खरे मामा उभे राहतात.

पंगतीत भाऊंचा दिमाख सावजी खाणाऱ्याचा. "तिखट नाहीच हो काही!" म्हणत ते काकडीच्या रायत्याचा मोठा घास घेतात. त्यात वाटलेली राई असते. ती जिभेला काही करत नाही. सरळ नाकातून मेंदूत जाते. भाऊंचे डोळे वाहतात, पण माघार नाही. मग चटणी येते. "ही कशाची?" "भांगेची." भाऊ तीन वेळा मागून घेतात, अर्ध्या तासात जमीन फिरत असल्याचं सांगू लागतात आणि व्याह्यांना मिठी मारून कॉलेजातली सगळी गुपितं फोडतात. चटणी भांगेच्या बियांची असते आणि बियांना नशा नसते. हे तिथल्या लहान पोरांनाही माहीत असतं, पण पाहुण्याचा आनंद मोडायचा नाही ही पहाडी रीत.

आणि वहिनी? त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही घडत नाही, कारण त्यांना सगळं जमतं. बायका त्यांची मोत्यांची नथ हातात घेऊन पाहतात, त्या बायकांची बांगडीएवढी सोन्याची नथ पाहतात. नवरदेवाची आई त्यांच्या खांद्यावर लाल ठिपक्यांचा पिवळा पिछौडा टाकते. त्या भट म्हणजे काळ्या सोयाबीनची चुडकानी कशी करायची ते लिहून घेतात आणि सावजीची पुडी तिथल्या स्वयंपाकघरात देऊन येतात.

परतल्यावर भाऊ लेआउटमधले हिमालयतज्ज्ञ होतात. येणाऱ्याला एकच बालमिठाई आणि तासभर व्याख्यान. त्यात ऑक्सिजन असतो, भांग असते आणि गाडी थोडक्यात दरीतून वाचलेली असते.

तेव्हा तुम्हाला पहाडातलं आमंत्रण आलं तर भाऊंकडे जाऊ नका. वहिनींना विचारा. त्या चार वाक्यांत सांगतील: काठगोदामला पुढची सीट धरा, घट्ट पकडीचे बूट घाला, रायता आधी बोटावर घेऊन बघा आणि संत्र्यांच्या दोन पेट्या न्या.