पूर्वजकाका

बॉस्टनच्या दक्षिणेला, प्लिमथच्या अलीकडे एका लहानशा गावात आम्ही राहायला आलो त्या दिवशी कुंपणापलीकडून प्रश्न आला, "तुमची मंडळी इथे कधी आली?"

"मंगळवारी," मी म्हटलं.

"आमची १६२० साली," शेजारी म्हणाले. "फक्त सिद्ध व्हायचंय."

तेव्हापासून आमच्या घरात त्यांचं नाव पूर्वजकाका. हयात पोस्टात गेली. इतकी वर्षं पत्त्यावरून माणसं शोधली, आता माणसांवरून पत्ते शोधतात. १६२० साली आलेल्या त्या मेफ्लॉवर जहाजावरच्या ब्रूस्टर कुटुंबात दोन मुलगे होते, लव्ह आणि रेसलिंग. काकांच्या दोन कुत्र्यांची नावंही तीच. रोज सकाळी आमच्या गल्लीत प्रेमाला आणि कुस्तीला एकाच सुरात हाक ऐकू येते.

त्या जहाजातून १०२ माणसं आली आणि पहिल्याच हिवाळ्यात जवळजवळ निम्मी गेली. काकांचा दावा आहे जॉन हाउलंडवर. हा गडी भर वादळात समुद्रात पडला, पण जहाजाचा एक लोंबता दोर हाताला लागला आणि वाचला. पुढे त्याला दहा मुलं झाली. तो दोर निसटता, तर दोन्ही राष्ट्राध्यक्ष बुश आणि फ्रँकलिन रूझवेल्टही बुडाले असते. "आणि मीसुद्धा," काका खालच्या आवाजात म्हणतात. रूझवेल्टांच्या बुडण्याचं त्यांना एवढं वाईट वाटत नाही.

रविवारी इतर लोक चर्चला जातात, काका चर्चमागच्या दफनभूमीत. सोबत मऊ ब्रश, पाण्याची बाटली आणि कपाटाच्या दाराचा काढलेला लांबलचक आरसा. पाटीच्या दगडाच्या त्या जुन्या थडग्यांवर पंख फुटलेल्या कवट्या कोरलेल्या असतात आणि खालची अक्षरं झिजलेली. आरशानं ऊन तिरपं पाडलं की अक्षरं उठून दिसतात. "माझ्यासाठी कधी आरसा धरला नाही," काकू म्हणतात, "आणि तीनशे वर्षांपूर्वी गेलेल्या बाईपुढे गुडघे टेकून बसतो!"

या नादात सज्जन पूर्वज काही कामाचा नाही, हे मला काकांनी शिकवलं. सरळमार्गी माणूस जन्मतो, लग्न करतो, मरतो. तीन ओळींत आटोपला. उलट दारू पिऊन दंड भरणारा, शेजाऱ्याच्या डुकरांवरून भांडणारा माणूस कोर्टाच्या वहीत दर तिमाहीला हजर! एकदा काका सकाळीच नाचत आले. एका पूर्वजाचं लग्न जानेवारी १६८० आणि पहिलं मूल ऑगस्ट १६८०. "सातमाशी असेल," मी म्हटलं. काकांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. इंग्रजांच्या राज्यात १७५२ पर्यंत नवं वर्ष २५ मार्चला लागायचं, म्हणजे १६८० चा जानेवारी आला ऑगस्टनंतर. मूल आधी, लग्न मागाहून! "म्हणजे दंड झालाच असणार," काका हात चोळत म्हणाले, "आणि दंड म्हणजे कागद!" मेफ्लॉवरवरच्या जॉन बिलिंग्टनला १६३० साली खुनाबद्दल फाशी दिलं, पण मेफ्लॉवर वंशजांच्या संस्थेत त्याच्याही वंशजांना इतरांइतकाच मान. सेलमला १६९२ साली चेटकाच्या आरोपावरून एकोणीस जण फासावर गेले. त्यांतलं एक तरी आपलं निघावं, अशी काकांची जुनी आस आहे.

फक्त सिद्ध व्हायचंय, ते एका बाईपाशी अडलंय. तिचं नाव मेरी. संस्थेला प्रत्येक पिढीच्या जन्माचा, लग्नाचा, मृत्यूचा पुरावा लागतो. हाउलंडपासून खाली पाच पिढ्या छापील ग्रंथात आहेत, काकांपासून वर पाच पिढ्या फायलीत आहेत. मध्ये ही मेरी. नवऱ्याच्या मृत्युपत्रात ती "माझी प्रिय पत्नी मेरी", थडग्यावर "अमक्याची पत्नी मेरी". माहेरचं आडनाव कुठेच नाही. १८५० पूर्वीच्या जनगणनेत नाव फक्त कुटुंबप्रमुखाचं, बाकी घर म्हणजे आकडे. १८०० सालच्या पानावर 'स्त्री, वय १६ ते २६' या रकान्यात एक आकडा आहे. तो आकडा म्हणजे मेरी. काकांनी त्या पानाची चौकट करून भिंतीवर लावली आहे. पाहुण्यांना दाखवतात, "ही आमची आजी."

गेल्या दिवाळीला काका फराळाला आले. चकली मोडता मोडता त्यांनी आमची वंशावळ मागितली. मीही ऐटीत पुण्याहून आणलेला कुलवृत्तांत काढला. पहिल्या पानावर कोकणातून आलेले तीन भाऊ. काका गालात हसले. त्यांच्याकडेही प्रत्येक घराण्यात तीनच भाऊ आलेले असतात. पुढे अकरा पिढ्या, नाव, बापाचं नाव, आडनाव, कुठे खंड नाही. मी मिशीला ताव देण्याच्या बेतात होतो, तेवढ्यात त्यांचं बोट एका नावावर थांबलं.

"ही कोण?"

"लक्ष्मी. माझी पणजी."

"माहेरचं आडनाव?"

"लिहिलेलं नाही. लग्नानंतर बदलतं ना."

"बरं, आडनाव गेलं. लक्ष्मी तर होती?"

"नाही... तेही सासरी ठेवलेलं. लग्नात नवं नाव ठेवायची रीत होती."

काकांनी चकली खाली ठेवली. आयुष्यभर ज्या भिंतीवर डोकं आपटलं, तिच्याहून उंच भिंत शेजारच्याच घरात निघाली होती. त्यांच्या चेहऱ्यावर दुःख शोधूनही सापडलं नसतं. "आमची निदान मेरी तरी मेरी होती!" असं म्हणून त्यांनी माझा हात हातात घेऊन अभिनंदन केलं.

दुसऱ्या दिवशी ते कोरी फाइल घेऊन आले. वर वेड्यावाकड्या अक्षरांत लक्ष्मी, पुढे प्रश्नचिन्ह. मी पुण्याला फोन लावला.

"आई, पणजीचं माहेरचं नाव काय होतं गं?"

"आजेसासूबाईंचं?" आई बराच वेळ गप्प. "अरे, त्यांना सगळे वहिनीच म्हणायचे. का, काय झालं?"

"काही नाही," मी म्हटलं. "शेजाऱ्यांना हवंय."