मागाला पासवर्ड नसतो

सोलापूर हे चौकशीचं शहर. नव्या माणसाला मराठी, कन्नड आणि तेलुगूत 'कुठले, कुणाचे' विचारून झाल्याशिवाय चहा पुढे येत नाही. पण विचारणारा स्वतःचंही गाव, गोत्र आणि गुडघेदुखी सांगून मोकळा होतो, फिटंफाट. विंडोज ११ची चौकशी मात्र एकतर्फी. होम आवृत्तीचा नवा संगणक आधी इंटरनेट मागतो, मग मायक्रोसॉफ्टचं खातं. त्याशिवाय डेस्कटॉपचं दर्शन नाही. नुसतं नाव टाकून आत शिरायच्या चोरवाटा होत्या, त्याही कंपनी २०२५पासून बुजवत चालली आहे. संगणकाचा पणजोबा आमच्याकडे अजून खडखडतोय. जकार्ड या फ्रेंच विणकराने १८०४च्या सुमारास भोकं पाडलेल्या पत्त्यांवरून मागावर नक्षी विणवली, इंग्रज गणिती बॅबेजने गणनयंत्रासाठी तीच युक्ती उचलली, आणि सोलापुरी चादरीवर आजही नक्षी उमटते ती जकार्डनेच. त्याने अजून कुणाचा ई-मेल विचारलेला नाही.

खातं म्हणजे निव्वळ लूट, असंही नाही. खात्याने आत गेलं की अनेक यंत्रांत डिस्कला आपोआप कुलूप लागतं आणि त्याची ४८ आकडी किल्ली खात्यात जमा होते. लॅपटॉप एसटी स्टँडवर चोरीला गेला तरी चोराला चादरीची डिझाइनं दिसत नाहीत. वनड्राइव्हवर ५ जीबी जागा फुकट. पण डेस्कटॉपवरची उधारीची यादी तिथे मुक्कामाला गेली, हे शेठजींना जागा भरल्याची सूचना आल्यावरच कळतं. शिवाय किल्ली कंपनीकडे म्हटल्यावर कायदेशीर हुकूम आणणाऱ्यालाही ती मिळू शकते. त्यात आपल्याकडची खास भर वेगळीच. दुकानातला पोरगा पुष्कळदा 'काका, मी करून देतो' म्हणत खातं उघडतो. ई-मेल त्याचा, पासवर्ड त्याचा. वर्षभराने यंत्र अडून किल्ली मागू लागतं, तोवर पोरगा नोकरीला पुण्याला गेलेला असतो.

'आमच्याकडे लपवण्यासारखं आहे काय?' हा हमखास येणारा आक्षेप. कारखानदार नवं डिझाइन शेजाऱ्याला दाखवत नाही, तेव्हा तो काही गुन्हा करत नसतो. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितलं, ते काही चोरांच्या सोयीसाठी नव्हे. 'मोबाइलने सगळं नेलंच आहे' हा दुसरा आक्षेप. म्हणजे पुढचं दार उघडं राहिलं म्हणून मागचंही काढून ठेवायचं! 'फुकटात कोण काय देतं?' हा तिसरा मात्र वजनदार. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपताना कंपनीनेच दर लावला: आणखी वर्षभर सुरक्षा हवी तर सेटिंग्ज आमच्याकडे ठेवा, नाहीतर ३० डॉलर मोजा. खातं दोन्हीकडे लागतंच.

किमतीबद्दल माझी तक्रार नाही, ती न सांगता वसूल करण्याबद्दल आहे. २०२३च्या विदा संरक्षण कायद्याने संमती मोकळी आणि बिनशर्त असावी म्हटलंय. मग 'खात्याशिवाय सुरू करा' हे बटण पहिल्याच पडद्यावर, खातं उघडायच्या बटणाएवढ्याच आकाराचं हवं. तोवर खातं स्वतःच्या हाताने उघडावं, किल्ली कागदावर उतरवून रेशनकार्डाशेजारी ठेवावी. बटण मिळालं तरी बहुतेक लोक खातंच उघडतील, हे कंपनीलाही ठाऊक असणार. मग विचारायला तिचं जातं काय?