जानवळचा हरण्या

कारवान जातीचा कुत्रा पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, याला घरात कुणी जेवायला घालत नाही. बरगड्या मोजून घ्याव्यात, पोट पाठीला लागलेलं, तोंड निमुळतं आणि डोळ्यांत नुकताच कर्जाचा हप्ता भरून आल्यासारखी उदासी. अंबरनाथच्या आमच्या बुवापाड्यात दारं समोरासमोर उघडतात, त्यामुळे हरण्या आल्यापासून गल्लीला आमच्या दानतीची शंका येऊ लागली. शेजारच्या काकू चपाती घेऊन येतात. हरण्या ती दुरूनच हुंगतो आणि मानी पाहुण्यासारखा मान वळवतो. त्याचे भाऊबंद मुधोळच्या घोरपडे राजांकडे वाढले, राजांनी त्यांची जोडी पाचव्या जॉर्जला भेट दिली, २००५ साली टपाल तिकिटावरही मुधोळ हाउंड झळकला, हे सगळं मी काकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, “म्हणूनच खात नसेल मेला.”

हरण्या लातूरकडचा, चाकूर तालुक्यातल्या जानवळचा. शिकारी कुत्र्याला सावजाचं नाव ठेवणारे आमचे बाबाच. ही जात वासापेक्षा नजरेवर शिकार करणारी. मोकळ्या रानात, ढेकळांपलीकडे सशाचा कान हलला की हिच्या अंगात वारं शिरायचं. पण सशाची शिकार वन्यजीव कायद्याने गेली, आणि आमच्या गल्लीत क्षितिज म्हणजे समोरच्यांची वाळत घातलेली चादर. मग ती चादर हलते, तिच्यावर झडप पडते, आणि आईला दोन घरी खालच्या आवाजात बोलून यावं लागतं. नाहीतर दिवसभर तो एकुलत्या एका दिवाणावर आडवा असतो, चारही पाय चार दिशांना. आम्ही उरलेल्या कडेवर. रविवारी उजाडता उजाडता त्याला पुलावरून पूर्वेला, वालधुनीकाठच्या शिवमंदिराकडे नेतो. शके ९८२ म्हणजे १०६० सालचं ते देऊळ. लांबलांबून माणसं त्याची शिल्पं बघायला येतात. हरण्या मात्र ढुंकून बघत नाही. साडेनऊशे वर्षांत जागचं न हललेल्या वस्तूत शिकाऱ्याने काय पाहावं? त्यातल्या एखाद्या मूर्तीच्या खांद्यावरून खार सरकली की मात्र तो थरथरत उभा राहतो, आणि मी साखळीला लोंबकळत शिल्पकलेचा अभ्यास करतो.

परक्याचा हात तो अंगाला लागू देत नाही. घरच्यांच्या मात्र मांडीवर सगळं वजन टाकून असा रेलतो, की उठायची सोय नाही. संध्याकाळी लोकलची गर्दी गल्लीत शिरते, तेव्हा तो उंबऱ्यात ताठ उभा असतो. त्या शेकडो पायांतून बाबांची उजवीकडे किंचित कललेली चाल तो हेरतो, आणि पूर्वजांनी सशांसाठी राखलेला सगळा वेग त्यांच्यावर खर्च करतो. बाबा डबा छातीशी धरून भिंतीला टेकतात, “अरे हो, हो” करत चाटून घेतात. अलीकडे ते मुद्दाम दुसऱ्यांच्या आड लपत येतात, कधी छत्री पुढे धरून. आई म्हणते, “ह्यांना या वयात कुणी एवढ्या लांबून ओळखतंय, मग काय!”