बॅनर नको, हात दाखवा

दप्तरमुक्त दिवस झाला की शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो पडतो. मधोमध बॅनर, मागे ओळीने पोरं, कडेला पाहुणे, खाली अक्षांश-रेखांश आणि वेळ. तो केंद्रप्रमुखांकडे जातो, तिथून आणखी वर. उपक्रम झाला, एवढं त्यातून कळतं. कोण काय शिकलं ते त्यात शोधूनही सापडत नाही.

सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार यांच्या हाताखाली शिकता यावं, असं २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात म्हटलंय. मुलाने स्वतःचं मूल्यमापन करावं, तेही प्रगतिपत्रकात यावं, हेही त्यातच आहे. आपल्याला हे परकं नाही. हातकामातून शिकवणाऱ्या नई तालीमची मांडणी १९३७ साली वर्ध्यात झाली. १९८३मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी पाबळला विज्ञान आश्रम उभा केला आणि हाताने काम करत शिकणं खेड्यातल्या पोरांपर्यंत नेलं. एवढी परंपरा असलेल्या राज्यात मुलांच्या कामाची नोंद बॅनरपुरती उरावी, याचा मला राग येतो.

समजा, आठवीतली मुलगी गावातल्या मोटर भरून देणाऱ्या दुकानात जाते. शेतावरची जळालेली मोटर आलीय. जुनी तार काढताना कारागीर तिला वेढे मोजायला लावतो, कारण वेढे चुकले किंवा तार कमी जाडीची पडली तर मोटर पुन्हा तापणार. मध्येच तिचा आकडा चुकतो, ती पहिल्यापासून मोजते. मग खाचांत कागद बसवायचा, तार भरायची, वार्निश सुकू द्यायचं, मीटर लावून बघायचं.

तिच्या डिजिटल पोर्टफोलिओत, म्हणजे तिच्या कामाच्या नोंदींच्या फोल्डरमध्ये, काय हवं? काळ्या पडलेल्या वायंडिंगचा फोटो. वहीच्या पानाचा फोटो, खाडाखोडीसकट, म्हणजे खोडलेला आकडाही दिसेल. आणि तिच्याच आवाजात मिनिटभराचं बोलणं: मोटर का जळाली असावी, आपण कुठे अडलो, पुढच्या खेपेला आधी काय तपासू. हे तिच्या घरच्या बोलीत असू द्या, अहिराणी असो की वऱ्हाडी. निबंध लिहायला लावलात तर ती गाइडातली वाक्यं उतरवेल. प्रात्यक्षिकांची जर्नलं अशीच वरच्या वर्गातल्यांच्या वह्यांवरून उतरवली जातात.

फोटोत चेहऱ्याची गरजच नाही. हात दिसू द्या, काम दिसू द्या. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळता येणारी संमती घ्यायला सांगितलंय, आणि आपण गणवेशातली पोरं शाळेच्या नावासकट ग्रुपागणिक फिरवतो.

हे काम मात्र गुरुजी-बाईंच्या डोक्यावर लादू नका. आधीच ऑनलाइन माहिती भरता भरता त्यांचा तास जातो. फोटो मुलीनेच काढावा, बोलावंही तिनेच. बाईंनी ऐकून एकच प्रश्न विचारावा, ‘हे तुला कसं कळलं?’ त्याचं उत्तरही तिथेच जोडावं. घरात फोन एकच असतो आणि तो बापाबरोबर कामावर जातो, तेव्हा वर्गाला एक टॅब आणि प्रत्येक मुलाचं एक फोल्डर एवढं शाळेने द्यायला हवं. महागडं अ‍ॅप घेऊन पैसे घालवू नका.

खरा घोळ मालकीचा आहे. आज या नोंदी कुणाच्या तरी गॅलरीत पडून असतात. बदली झाली, मेमरी भरली, की गेल्या. आयटीआयला किंवा शिकाऊ उमेदवारीला जाताना या मुलीकडे गुणपत्रक असतं. मोटर भरता येते हे दाखवायला काहीच नसतं. शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत पालकांनी एवढंच विचारावं: शाळा सोडताना दाखल्याबरोबर माझ्या मुलीचं फोल्डर तिला कसं देणार, आणि कुठल्या तारखेपासून?