‘कळवतो’ म्हणाले, तेव्हाच मी ओळखलं

अहो, ऐकलंत का? ठेवा ती शेंगांची पाटी खाली आणि या अशा कुंपणाजवळ. हळू बोला हं, अव्वा ओसरीवरच बसल्यात. त्यांचा नातू बघितलात का? गड्ड्याच्या जत्रेतले पाळणे अजून फिरत होते, तेव्हापासून तोंड पाडून बसलाय. शेंगापोळीला हात लावीना. मला मेलीला वाटलं, कॉलेजातली एखादी पोरगी असेल. निघालं काय, तर गेम रद्द झाला!

कुठला म्हणजे काय ओ, तोच तो, प्रिन्स ऑफ पर्शिया. साडेपाच वर्षं ज्याच्या नावानं आपल्या गल्लीचे कान किटले तो!

हसू नका. तुम्हीच पेढा खाल्ला होतात त्याच्या हातचा, 2020 च्या सप्टेंबरात. तोंडाला मास्क, रस्त्यावर चिटपाखरू नाही आणि हा बोळातून ओरडत आलेला, “काकू, आपल्या पुण्यात बनतोय!” नुकताच दहावी झालेला. ती भूगोलाचा पेपर रद्द झालेली बॅच नाही का, तीच. तेव्हा ‘रद्द’ शब्द ऐकून अंगणात नाचला होता. आता तोच शब्द... जाऊ दे.

तर काय सांगत होते, युबिसॉफ्ट कंपनी फ्रान्सची, गेम जुना, 2003 चा, आणि तो नव्यानं घडवायचं काम दिलेलं पुण्यामुंबईच्या स्टुडिओंना. त्याच्या पप्पांना आधी काही कळलंच नव्हतं. पण ‘पुणे’ म्हटल्यावर छाती अशी फुगली, जसं काही पोरगा हुतात्मा एक्सप्रेसनं जाऊन स्वतःच बनवणार होता. चौकात चहा पिताना चार जणांना सांगून आले की ओ!

आणि त्याचा तो ट्रेलर! अय्या, काय ते एकेकाचं बोलणं! मुलगी बघायला आलेल्या बायका परवडल्या. राजकुमाराचा चेहरा म्हणे निर्जीव, रंग फिका, हा नवा वाटतच नाही, जुनाच बरा होता. जगभरातून नावं ठेवली. पोरगा मोबाइल घेऊन एकेकाशी भांडत होता, “अजून काम चाललंय, थांबा जरा!” घरच्या लेकीला कुणी बोललं की कसं होतं, अगदी तसं.

तारीख काढलेली 21 जानेवारी 2021. यानं कॅलेंडरवर गोल केला. डिसेंबरात निरोप आला, 18 मार्च. बरं, सगळे घरून काम करतायत, होतो उशीर, आपण समजून घेतलं. दुसरा गोल केला. आणि फेब्रुवारीत काय आलं माहितीय? अजून वेळ लागेल, नवी तारीख नंतर कळवू.

मी तेव्हाच यांना म्हटलं, संपलं! अहो, आपण बायकांनी किती स्थळं बघितली? पाहुणे जानेवारीत येतो म्हणाले, मग मार्चात येतो म्हणाले, तोवर ठीक आहे. पण ‘कळवतो’ म्हणाले, की चहाचे कप उचलून ठेवायचे. हे आपल्याला कळतं, इंजिनिअरिंगवाल्यांना नाही. मी त्याला तसं बोलले, तर कसा बघितला माझ्याकडं! “काकू, गेमचं तसं नसतं.” म्हटलं, बरं बाबा.

पुढचं तर तुम्हाला माहितीच आहे. 2022 च्या मे महिन्यात पुण्यामुंबईच्या हातातलं काम काढून माँट्रियलला दिलं. म्हणजे जुना गेम जिथं जन्मला, त्याच माहेरी परत पाठवला. त्या दिवशी त्याच्या पप्पांचा चेहरा बघायला हवा होतात. चौकात कुणीतरी विचारलंच, “काय, पुण्याचा गेम कुठवर आला?” ते म्हणाले, “कॅनडाला गेलाय,” आणि चहा अर्धा टाकून उठले. मग त्याच साली आगाऊ घेतलेले पैसेही परत केले. अंगठीच परत आली म्हणा ना! तरी हा आपला वाट बघतोय.

आणि 2024 च्या जूनमध्ये पुन्हा काय, एक मेणबत्ती दाखवली हो पडद्यावर, नि 2026 साल. बस्स, एवढंच! गेलेलं स्थळ दोन वर्षांनी फोन करतं बघा, “मुलगी अजून आहे का?” तसं. पोरगं परत हललं. अव्वा तर त्याला घेऊन गुरुवारी अक्कलकोटला निघाल्या होत्या. मी विचारलं, स्वामींना काय सांगणार अव्वा? म्हणाल्या, “ते गेम की काय, येऊ दे म्हणावं एकदाचं. पोरगं जेवत नाही.”

आणि आला तो 21 जानेवारी. कंपनीनं एका दमात सहा गेम रद्द केले, त्यात हा. तारीख लक्षात आली का? पहिला मुहूर्त 21 जानेवारी 2021, तेरावं 21 जानेवारी 2026. बरोब्बर पाच वर्षं, एक दिवस इकडं नाही की तिकडं नाही! माझ्या तर अंगावर काटाच आला. दहावीचं पोर आता इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे ओ. मिशी फुटली वाट बघण्यात.

बरं, खरी गोष्ट तर पुढंच आहे. परवा हळद मागायला गेले, हळद होती घरात, पण तुम्हाला काय सांगायचं... बघते तर पोरगा लॅपटॉपवर तोच जुना 2003 चा गेम लावून बसलेला. शेजारी अव्वा, चष्मा पुसून बघतायत. राजकुमार भिंतीवरून धावतो, खाली पडतो, आणि याच्याकडं एक खंजीर आहे, तो दाबला की वेळ मागं जातो. मेलेला माणूस परत भिंतीवर! पोरगा इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसला.

तेवढ्यात अव्वांनी विचारलं, “किती मागं जातंय रे ते? तुझे आज्जा होते तिथवर जातंय का?”

पोराचा हात थांबला. त्याची आई पोळपाट सोडून दारात आली. मी आपली वाटी धरून उभी. तो म्हणाला, “थोडंच जातंय अव्वा. त्यात वाळू भरलेली असते. ती संपली की संपलं.”

अव्वांनी मान हलवली, म्हणाल्या, “मग जपून वापर.”

मी हळद न घेताच आले.

...हं, तर काय सांगत होते? त्याचा थोरला भाऊ त्याला चिडवत होता ना इतके दिवस? त्याचीही मजा ऐका! त्याचा गेम म्हणजे तो जीटीए सहावा. आधी 2025, मग 26 मे 2026, आता म्हणतात 19 नोव्हेंबर. मला बजावून गेलाय, “काकू, हे नक्की, लिहून ठेवा.”

ठेवलंय की! कॅलेंडरवर, पेन्सिलीनं.