दरोड्याचं ऑडिट

आपला मध्यमवर्गीय प्रेक्षक आयुष्यात कधी दरोडा घालत नाही. सोसायटीचा मेंटेनन्स दोन महिने थकवणं ही त्याच्या गुन्हेगारीची परमावधी, आणि तोही तो पुढे दंडासकट भरून पावती फाइलला लावतो. पण पडद्यावर चार माणसं पिस्तुलं घेऊन बँकेत शिरली की त्याच्या अंगात सराईत संचारतो. ‘अरे, गाडी दारातच लावलीस?’ ‘मोबाइल फेक आधी, मूर्खा!’ ‘नंबर प्लेट तरी बदलायची!’ पुढे खून पडतात, पोरं अनाथ होतात, कुणाची बोटं जातात. त्याबद्दल त्याची काही तक्रार नसते. त्याचं म्हणणं एवढंच, की प्लॅनिंग ढिसाळ होतं.

त्यातून सिनेमा कमी पैशातला असेल तर मग गुन्हेगार सुटतात आणि खटला निर्मात्यावर उभा राहतो. आरोप एकच: खर्च केलेला दिसत नाही.

१९९२ सालचा ‘रिझर्व्हॉयर डॉग्ज’ घ्या. व्हिडिओ कॅसेटच्या दुकानात नोकरी केलेला क्वेंटिन टॅरंटिनो नावाचा पोरगा. मूळ बेत होता ३० हजार डॉलरमध्ये, यारदोस्तांना गोळा करून, १६ मिलिमीटरवर सिनेमा उरकायचा. सुदैवाने पटकथा अभिनेता हार्वे कायटेलच्या हाती पडली आणि बजेट १२ लाख डॉलरच्या आसपास पोचलं. हॉलीवूडच्या मानाने हा चहापाण्याचा खर्च. सिनेमा हिऱ्यांच्या दरोड्याचा, आणि दरोडा सोडून त्यात सगळं आहे. दरोड्याआधी टोळी हॉटेलात बसून वेट्रेसला टिप द्यावी की नाही यावर तावातावाने भांडते. मिस्टर पिंक साफ नाही म्हणतो, आणि आपला प्रेक्षक एवढ्या एका मुद्द्यावर त्या टोळीत मनापासून सामील होतो. पुढचं दृश्य थेट दरोड्यानंतरचं: रक्ताने माखलेली माणसं, एक गोदाम आणि ‘आपल्यातला खबऱ्या कोण’ म्हणून एकमेकांवर रोखलेली पिस्तुलं. मधला दरोडा दाखवलेलाच नाही, कारण आधी त्याला पैसेच नव्हते. मग दिग्दर्शकाच्या लक्षात आलं की न दाखवणंच बरं दिसतंय, आणि त्याने ते तसंच ठेवलं. ते गोदामही खरं गोदाम नव्हतं, बंद पडलेलं शवागार होतं.

आता प्रेक्षकाचा न्याय पाहा. दिग्दर्शक अनोळखी असता तर निकाल ठरलेला होता: ‘दरोड्याच्या नावाखाली फसवणूक, दोन तास नुसती बडबड.’ पण १९९४ मध्ये त्याच्याच ‘पल्प फिक्शन’ला कान महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं, जगभर गल्ला जमला, आणि मागच्या सिनेमातली तंगी रातोरात ‘सूचकता’ झाली. ‘रिझर्व्हॉयर डॉग्ज’मधल्या कान कापण्याच्या त्या प्रसिद्ध दृश्यात नेमक्या क्षणी कॅमेरा तोंड फिरवून भिंतीकडे बघत बसतो. तरी कान कापताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याचं शपथेवर सांगणारी माणसं मला भेटली आहेत. न दाखवलेला दरोडाही आपण पाहिला असं म्हणणारा अजून भेटायचाय. पण दहा वर्षांनी तोही भेटेल.

आमच्या इमारतीत एक काका आहेत, राष्ट्रीयीकृत बँकेतून हेड कॅशियर म्हणून निवृत्त झालेले. दरोड्याचे सिनेमे ते करमणुकीसाठी पाहत नाहीत, इन्स्पेक्शनला आल्यासारखे पाहतात. चष्मा कपाळावर, हातात रिमोट, आणि तिजोरीचं दृश्य आलं की पॉज. ‘स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या असतात. एक माझ्याकडे, एक ऑफिसरकडे. जॉइंट कस्टडी! हा एकटा कसा उघडतोय?’ शाखेत ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त कॅश ठेवता येत नाही, वरची करन्सी चेस्टला पाठवावी लागते, ही माहिती ते प्रत्येक सिनेमात नव्याने देतात. त्यांच्या मते जगातल्या निम्म्या दरोडेखोरांना रिकाम्या शाखा मिळायला हव्या होत्या.

त्यांना मी स्टॅन्ली कुब्रिकचा ‘द किलिंग’ दाखवला. १९५६ चा, ३ लाख २० हजार डॉलरमध्ये केलेला. कुब्रिक तेव्हा तिशीच्याही आतला. घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर २० लाख डॉलरचा डल्ला, आणि घटनाक्रम मुद्दाम विस्कटलेला: एकच दुपार कधी या माणसाच्या बाजूने, कधी त्या. त्या काळच्या जाणकारांनी पाहून सांगितलं, हे काही समजत नाही, सरळ ओळीत लावा. कुब्रिकने लावूनही पाहिलं, अधिकच बिघडलं, म्हणून पुन्हा होतं तसं केलं. कंपनीने तो दुसऱ्या एका सिनेमाला जोड म्हणून लावून टाकला. चालला नाही. आज तोच विस्कटलेला घटनाक्रम सिनेमाच्या शाळांतून शिकवतात, आणि टॅरंटिनोने काळ पुढेमागे केला की लोक शिट्ट्या मारतात.

काकांना घटनाक्रमाची अडचण अजिबात आली नाही. त्यांनी पॉज केला तो पैसे पोत्यात भरताना. ‘डिनॉमिनेशन काय?’ मी म्हटलं, दाखवलेलं नाही. त्यांनी सुस्कारा सोडून जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर गणित मांडलं. ‘शर्यतीला येणारा माणूस सगळ्याच शंभराच्या नोटा आणत नाही. सरासरी वीस डॉलरची धर. २० लाखांच्या झाल्या १ लाख नोटा. हजाराचं एक बंडल, म्हणजे १०० बंडलं. डॉलरची नोट साधारण एक ग्रॅमची. १०० किलो झाले. हे पोतं एकटा उचलून खिडकीबाहेर फेकतो? आणि कॅश मोजली कुणी? रजिस्टर कुठंय?’ टोळीतला जॉर्ज स्वतःच्या बायकोला गोळी घालतो, तिथे काकांनी फक्त ‘हं’ केलं.

शेवट मात्र त्यांना झोंबला. टोळीचा म्होरक्या जॉनी सगळे पैसे एका जुनाट, मोडक्या कुलपाच्या सुटकेसमध्ये कोंबून विमानतळावर येतो. बॅग मोठी म्हणून केबिनमध्ये घेऊ देत नाहीत, लगेजमध्ये टाकावी लागते. धावपट्टीवर एका बाईचं लाडकं कुत्रं सामानाच्या गाडीसमोर येतं, गाडी वळते, सुटकेस खाली पडून उघडते आणि नोटा पंख्याच्या वाऱ्याने भिरभिरत जातात. समीक्षकांनी या शेवटात नियती पाहिली. काकांनी निकाल दिला: ‘दोरी बांधायला नको?’ खरंच आहे. लग्नाला जाताना बॅगेला नायलॉनची दोरी आवळून, वर नाव-गाव लिहून, गाठीवर गाठ मारणाऱ्या आपल्या कुठल्याही कुटुंबाने हा सिनेमा पाच मिनिटं आधी सुखान्त केला असता.

इकडे घरचंच उदाहरण आहे. पुण्यात वाढलेला आणि तिथल्याच फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेला दिग्दर्शक श्रीराम राघवन. त्याचा ‘जॉनी गद्दार’ २००७ मध्ये आला. पाच भागीदार, प्रत्येकी ५० लाख, मिळून अडीच कोटींचा एक दोन नंबरचा सौदा, आणि त्यातला सगळ्यात धाकटा भागीदार ते पैसे धावत्या रेल्वेत परस्पर उडवायचं ठरवतो. नायक अगदी नवखा, नील नितीन मुकेश. गुन्ह्याची युक्ती त्याला हॉटेलच्या टीव्हीवर १९७१ चा ‘परवाना’ बघताना सुचते. पैसे घेऊन जाणारा भागीदार म्हणजे ‘सीआयडी’तला दया, ज्याने टीव्हीवर इतकी वर्षं लोकांची दारं तोडली, त्याच्यावर पहिला घाला. आणि शेवटी बदला. अश्विनी काळसेकरची वर्षा नवऱ्याच्या खुनाचा सूड म्हणून भलत्याच माणसावर गोळी झाडते, आणि मरतो तो खरा खुनी. (शेवट फोडला म्हणून ओरडू नका. पाहायला इतकी वर्षं मिळाली होती.)

सिनेमा पडला. तेव्हाचे शेरे ठरावीक होते: हिरो कोण आहे हा, गाणी कुठायत, चांगला माणूस एकही नाही मग टाळ्या कुणासाठी वाजवायच्या. पुढे राघवनचा ‘बदलापूर’ चालला, ‘अंधाधुन’ धो धो चालला, आणि ‘जॉनी गद्दार’ पहिल्याच आठवड्यात थिएटरात पाहिलेले लोक गल्लोगल्ली सापडू लागले. त्या सगळ्यांनी २००७ मध्ये खरोखर तिकीट काढलं असतं, तर अडीच कोटी उडवायला रेल्वेत जायची गरज नव्हती. बुकिंग ऑफिसवर घाला पुरला असता.

बजेट फारच कमी असलं, तर उलटा चमत्कार होतो. रॉबर्ट रॉड्रिग्जने ‘एल मारियाची’ हा सूडाचा सिनेमा ७ हजार डॉलरमध्ये केला. त्यातले काही त्याने औषधकंपनीच्या चाचणीत स्वतःचं शरीर भाड्याने देऊन मिळवले होते. कॅमेरा फिरवायला व्हीलचेअर. इथे प्रेक्षक सिनेमा पाहतच नाही, बिलं पाहतो. ‘सात हजारात केलाय!’ एवढ्यावर डोळे पाणावतात. म्हणजे १२ लाखांत केला तर भिकार, ७ हजारांत केला तर तपश्चर्या.

आणि भरपूर पैसे टाकले तर? २००२ च्या ‘कांटे’त लॉस एंजेलिस होतं, अमिताभ होता, संजय दत्त होता, आपले महेश मांजरेकर होते. दरोडा दाखवला, गाणी दाखवली, कोट सगळ्यांच्या मापाचे होते. प्रेक्षक म्हणाला, ‘रिझर्व्हॉयर डॉग्ज’वरून ढापलाय. तो ज्यांनी पाहिला होता ते म्हणाले, तोही १९८७ च्या हाँगकाँगच्या ‘सिटी ऑन फायर’वरून उचललाय. चोरीच्या सिनेमाची चोरी झाली तर फिर्याद कोणी नोंदवायची, हे कुणी सांगितलं नाही.

या सगळ्या कलमांत एक खास आपल्यासाठी राखीव आहे: ‘मराठीच्या मानाने चांगला.’ मराठीत कुणी चार नवी पोरं, एक जुनी ओम्नी आणि एक बंद कारखाना घेऊन दरोड्याचा सिनेमा करतो. शो सकाळी साडेदहाचा नाहीतर दुपारी सव्वातीनचा, म्हणजे ज्या वेळेत फक्त खरे दरोडेखोर मोकळे असतात. प्रीमियरला मात्र हॉल भरतो, कारण पास असतात. दिग्दर्शक दारात घामेजून उभा. माणसं बाहेर पडतात. एक म्हणतो, विषय वेगळा होता हं. दुसरा म्हणतो, बॅकग्राउंड म्युझिक जरा जास्त झालं. तिसरी म्हणते, पोस्टर छान होतं. मग पासावर दोन जागा मिळवून सहकुटुंब आलेले एक गृहस्थ त्याच्या खांद्यावर हात ठेवतात आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगतात, ‘रागावू नका, पण पैसे वसूल नाही झाले. पार्किंगचेच साठ घेतले खाली.’