कालवेकर

माणूस निवृत्त झाला की आपल्याकडे सकाळी फिरायला जाऊ लागतो, सोसायटीचा सेक्रेटरी होतो, अगदीच वैराग्य आलं तर नर्मदा परिक्रमेला निघतो. इंग्लंडात आणखी एक वाट आहे. घर विकायचं, कपाटं-सोफे पोरांच्या गळ्यात मारायचे आणि कालव्यातल्या बोटीवर राहायला जायचं. लेस्टरला आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारे गृहस्थ या वाटेनं गेले, तेव्हापासून आमच्या घरात त्यांचं नाव कालवेकर. त्यांच्या पत्नी त्या कालवेकरीणबाई. त्यांना भेटायला म्हणून गेली तीन वर्षं मी कालव्याकाठानं हिंडतोय आणि आतापर्यंत बरेच कालवेकर पाहून झालेत. टोपी वेगळी, कुत्रा वेगळा, बाकी माणूस एकच.

मी बारामतीकडचा. कालवा म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे नीरा डावा कालवा येतो. उसाचं आवर्तन, पाटकऱ्याची मिनतवारी, रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन बांधावर उभे असलेले वडील. कालव्यात म्हशी बसतात, पोरं डुंबतात. कुणी संसार मांडत नाही. त्यामुळे कुंपणापलीकडून ‘आम्ही कालव्यात राहायला जातोय’ असं ऐकलं तेव्हा मला आधी धस्स झालं. विम्याच्या कचेरीत तीस वर्षं काढलेला माणूस, याचे पैसे कुठे बुडाले?

पैसे जागेवर होते. रोग टीव्हीवरून लागला होता. टिमथी वेस्ट आणि प्रुनेला स्केल्स हे नट-नटीचं म्हातारं जोडपं २०१४ पासून चॅनल फोरवर बोटीतून कालवे हिंडत असे. हिरवे काठ, बदकं, हातात चहाचा कप. संडासाची टाकी रिकामी करायचा भाग मला तरी कधी दिसला नाही. त्यावर पुस्तकाची फोडणी पडली. रोल्ट नावाचा इंजिनिअर १९३९ साली नवी नवरी घेऊन ‘क्रेसी’ नावाच्या बोटीवर राहायला गेला. त्यावरचं त्याचं ‘नॅरो बोट’ १९४४ साली आलं, आणि १९४६ साली त्याच्यासह काही मंडळींनी कालवे वाचवायची संघटना काढली. हे पुस्तक प्रत्येक कालवेकराकडे असतं, आपल्याकडे ज्ञानेश्वरी असते तसं. म्हणजे वरच्या फळीवर.

कालवेकर बोट घेतो ती ‘साधं जगायला’. हा शब्द तो इतक्यांदा म्हणतो की ऐकणाऱ्याला आपण राजवाड्यात राहतो असं वाटायला लागतं. बोट लांबीला ५७ फूट, रुंदीला ६ फूट १० इंच. मुंबईच्या लोकलचा डबा मधोमध उभा चिरला तर जवळपास एवढीच रुंदी निघेल. लांबी थोडीफार कमीजास्त चालते, रुंदीत सूट नाही. अठराव्या शतकात इथे पुष्कळ ठिकाणी लॉक, म्हणजे बोट चढवायचे-उतरवायचे दारांचे हौद, बांधले ते ७ फुटांचे, आणि तिथून जायचं तर बोटीनं अंग चोरूनच राहायला हवं. तेव्हा बोटीत कोळसा असायचा. १७६१ साली ब्रिजवॉटरचा कालवा झाला तोच खाणीतला कोळसा मँचेस्टरला न्यायला. पुढे रेल्वेशी स्पर्धा लागली तेव्हा नावाड्यांनी घरं सोडून बायकापोरं बोटीवर आणली आणि मागच्या टोकाच्या दहाएक फुटांच्या खोलीत कोंबली. बाकी सगळी जागा कोळशाची. आता जिथे कोळसा राहायचा तिथे कालवेकर राहतात आणि कोळसा गोणीत बसून छपरावर हवा खातो.

पहिल्या भेटीत मला छप्पर चकाचक दिसलं होतं. फक्त गुलाब आणि किल्ला रंगवलेला पाण्याचा एक डबा, शोभेपुरता. सहा महिन्यांनी त्याच छपरावर कोळशाच्या चार गोण्या, लाकडाचे ओंडके, दोन सायकली, एक ढकलगाडी, पुदिन्याची कुंडी, सोलरच्या पाट्या आणि कशाला लागेल सांगता येत नाही म्हणून ठेवलेली फळी. आपल्याकडे याला माळा म्हणतात. फरक इतकाच, की आपला माळा गावाला दिसत नाही.

आत तर चाळच. एकाला चहा करायचा असेल तर दुसऱ्यानं बसून घ्यायचं. कुत्रा मध्ये आडवा झाला की वाहतूक बंद. पण खरा बदल झाला तो बोलण्यात. शेजारी होते तेव्हा कालवेकर गुलाबांवर बोलायचे, क्रिकेटवर बोलायचे, सरकारला शिव्या द्यायचे. आता विषय तीन: पाणी, वीज आणि संडास. त्यांच्याकडे गेलं की मला गावाकडच्या ओसरीवर बसल्यासारखं वाटतं.

पाण्याची टाकी पाचशेक लिटरची. ती भरायला काठावरचा नळ गाठायचा, नळाला कुलूप, कुलपाची किल्ली कंबरेला. तिथे आधीच एक बोट लागलेली असली की मागे नंबर लावायचा. ‘किती वेळ लागेल?’ असं विचारायचं नसतं. फक्त त्यांच्या पाइपाकडे बघत उभं राहायचं. एकदा कालवेकर मला हळू आवाजात, नवा शोध सांगावा तसं म्हणाले, “शॉवर बंद केलाय आम्ही. बादलीत गरम पाणी घेतो आणि मगानं अंगावर ओततो. निम्म्याहून कमी पाणी लागतं. तू करून बघ कधी.”

मी करून बघेन म्हणालो. अठरा वर्षांचा होईपर्यंत मी दुसरं काही केलेलं नव्हतं हे सांगायचं जिवावर आलं.

विजेचंही तसंच. छपरावर सोलर, खाली बॅटऱ्या. इंग्रजी हिवाळ्यात सूर्य जेवढा दिसतो तेवढ्यात सोलरवर फोन चार्ज झाला तरी मिळवली. मग रोज तास-दोन तास इंजिन धडधडवायचं. भिंतीवर बॅटरीचा आकडा दाखवणारी डबी असते. कालवेकर पूर्वी पेपर वाचायचे तेवढ्या निष्ठेनं तो आकडा वाचतात. कालवेकरीणबाईंनी केस वाळवायचं यंत्र लावलं की त्यांच्या कपाळावर आठी चढते. आम्ही लोडशेडिंगच्या नावानं मोर्चे काढले. या माणसानं ते विकत घेतलं.

आणि तिसरा विषय. इथे कालवेकरांत पंथ आहेत. एक पोटातल्या मोठ्या टाकीवाला, पैसे मोजून पंपानं उपसून घेणारा. दुसरा कॅसेटवाला, सुटकेसएवढा डबा स्वतः नेऊन ओतणारा. तिसरा कोरड्याचं खत करणारा. हा संख्येनं कमी पण प्रचारात पुढे. शैव-वैष्णव एखादे वेळी एका पंगतीत बसतील, हे बसणार नाहीत. आमचे कालवेकर कॅसेट पंथाचे. रविवारी सकाळी ते डबा चाकांवर ओढत काठानं निघतात तेव्हा समोरून येणारा दुसरा कॅसेटवाला टोपी किंचित उचलतो. एवढा परस्पर आदर मी या देशात दुसरीकडे पाहिलेला नाही. आमच्या गावी परसाकडेला निघालेली माणसं टमरेल दिसू नये म्हणून धोतराआड धरायची. इथे हवापाण्याच्या गप्पा होतात.

कालवेकरांत जातीही दोन. ज्यांच्याकडे बोट बांधायची भाड्याची कायम जागा आहे ते वतनदार, आणि नाही ते फिरस्ते. फिरस्त्याला १९९५ च्या कायद्यानं एका ठिकाणी सलग १४ दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही. सबळ कारण नसेल तर बोट हलवावीच लागते. रामाला १४ वर्षं एकदाच झाली, याला दर १४ दिवसांनी. त्यातून दवाखाना, औषधं, मुलीनं पाठवलेलं पार्सल, सगळ्यांचे पत्ते बदलत राहतात. मधूनच एक माणूस काठानं बोटींचे नंबर टिपत जातो. त्याला बघून कालवेकर खिडकीचा पडदा सारतात आणि आतून म्हणतात, “आला!” मला पाटकरी आठवतो. फक्त याला कोंबडी खाऊ घालून भागत नाही.

इतकं हलायचं, पण किती वेगानं? मर्यादा ताशी ४ मैल. बांधलेल्या बोटींजवळून जाताना त्याहून कमी. नाहीतर आतल्यांचा चहा सांडतो आणि ते डोकं बाहेर काढून काय म्हणतात ते इथे लिहिता येत नाही. लेस्टरहून फॉक्सटनला मी गाडीनं अर्ध्या तासात पोचतो. कालवेकरांना दोन दिवस लागतात, आणि पोचल्यावर थकवा असा की जणू अटकेपार जाऊन आले.

फॉक्सटनचे लॉक मात्र बघण्यासारखे. टेकडी चढायला पाण्याचा जिना: पाच-पाच हौदांचे दोन टप्पे, एकूण चढ ७५ फूट. टप्प्यात एका हौदाचं दार ते पुढच्याचं दार, मध्ये सपाटी नाही. झडपा लाल आणि पांढऱ्या. आधी लाल उघडायची, मग पांढरी. उलट केलं तर पाणी जायचं तिथे जात नाही आणि काठावर गर्दी जमते. गर्दी तशीही असतेच. नुसतं उभं राहून बोटी बघणाऱ्या रिकामटेकड्यांना इंग्रजीत गोंगूझलर म्हणतात. हा शब्द कालवेकरांनी मला पहिल्याच महिन्यात शिकवला, आणि तो मलाच उद्देशून होता हे मला दुसऱ्या महिन्यात कळलं.

तिथे त्यांना मी पहिल्यांदा सुकाणूवर पाहिलं. गळ्यात रुमाल, अंगात बंडी, पट्ट्यात झडपा फिरवायचं हँडल पिस्तुलासारखं खोचलेलं. सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे जाते. (माझा धाकटा भाऊ असाच आहे, त्यामुळे मला यात नवल वाटलं नाही.) लॉक ७ फूट, बोट ६ फूट १० इंच, म्हणजे दोन्ही बाजूंना एकेक इंच मोकळा. कालवेकर डोळे बारीक करून, श्वास रोखून आत शिरले आणि धाड्‌कन डावी भिंत लागली. आत काहीतरी फुटलं. कालवेकर समोर बघत राहिले. “वारा,” ते म्हणाले. झाडाचं पान हलत नव्हतं. नंतर कळलं, की कालव्यावर चूक कुणाची कधीच नसते, वारा असतो.

मार्चमधल्या एका शनिवारी त्यांचा फोन आला. लेस्टर शहराजवळच इंजिन अडलंय, पंख्याला काहीतरी गुंडाळलंय. “रंगीत आहे,” ते म्हणाले आणि जरा थांबले. “मला वाटतं, तू आलास तर बरं.”

मी गेलो. बोटीच्या मागच्या टोकाला इंजिनाजवळ एक झाकण असतं. ते उघडलं की खाली थेट पाणी आणि पाण्यात पंखा. कालवेकर पालथे पडून, दंडापर्यंत हात बर्फासारख्या पाण्यात घालून, पावाच्या सुरीनं कापत होते. ओठ निळे. शेजारी घमेल्यात हिरव्या कापडाची एक भिजकी चिंधी आणि तिला चार बोटं जरीचा काठ. मी ओळखलं. आमच्यापैकीच कुणीतरी देवाचं म्हणून पाण्यात सोडलेलं असणार. पलीकडे एक नारळही तरंगत होता, पुराव्यासारखा.

“हे काय असतं?” त्यांनी विचारलं. राग नव्हता, कुतूहल होतं.

“साडी. सहावारी. नऊवारी असती तर गिअरबॉक्सच गेला असता.”

कालवेकरांनी थरथरत्या हातानं वही काढली आणि नोंद केली. तारीख, वेळ, जागा. साडी, नग एक, अंदाजे साडेपाच मीटर. मग माझ्या हातात सुरी दिली. मी पालथा पडलो. दोन तास लागले. तीन मोठे तुकडे निघाले, ते मी लाजेकाजेनं घरी नेऊन धुतले.

मेमध्ये आई आली. तिला बोट बघायची होती. कालवेकरीणबाईंनी शेगडीवर किटली ठेवली. कालवेकरांनी तिला हौसेनं सगळं फिरवून दाखवलं. कोळसा, बादली, मग, कंदिलासारख्या मंद उजेडाचा दिवा, बाहेरून ओढत आणलेला तो डबासुद्धा. आई पदर सावरून सगळं बघत होती. परत येताना गाडीत बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, “पेन्शन नाही का रे त्यांना?”

मी सांगितलं, आहे, भरपूर आहे.

“मग पोरांनी काढलं असेल घराबाहेर,” ती म्हणाली, आणि विषय संपवला.

धुतलेली साडी तिनं पाहिली तेव्हा आधी वाद झाला. पाण्यात सोडलेलं परत घेऊ नये म्हणे. मग तिचं तिनंच ठरवलं, की आपण कुठे घेतलं, पाण्यानंच आणून त्या माणसाच्या पायात घातलं. माझी दोन जुनी धोतरं, बायकोच्या तीन साड्या आणि वर ते जरीचे तुकडे लावून तिनं पंधरा दिवसांत गोधडी शिवली. बिचाऱ्यांना थंडीत होईल.

आम्ही ती घेऊन गेलो. कालवेकरीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. कालवेकरांनी गोधडी दोन्ही हातांवर तोलून पाहिली, एकदा, मग पुन्हा एकदा.

“वजन किती असेल?” त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं. “डावीकडे ठेवता येणार नाही. डावीकडे बोट आधीच अर्धा इंच कललीय.”